पोटात राहिलेला बार

मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. मित्रांनो, हे ऐकून तुम्ही दोन पावलं मागे सरकला असाल तर शहाणे आहात. मला पाहून जे लगेच पुढे येतात, हात लावतात, खांद्याला लावून एक डोळा मिटतात, त्यांचा मला मनापासून राग येतो. माझं नाव हेटी. मला घडवणाऱ्या एलवुड झर्बीच्या आजीचं हे नाव. ती बाई फार तापट होती म्हणे. तापटपणा माझ्यातही उतरला आहे, आणि का उतरला ते तुम्हाला आता कळेलच.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात आमचं खोरं आहे. तिथे चर्चमागचं मेपलचं झाड वादळात पडलं, तेव्हा एलवुडने त्याचा एक ओंडका मागून घेतला. तो दिवसा दगडाच्या खाणीत राबायचा आणि संध्याकाळी घरामागच्या शेडमध्ये मला तासत बसायचा. आठ कडांची जाड नळी, पितळी पट्ट्या, बोटांनी तेल जिरवलेला दस्ता. त्याची बायको व्हर्ना दारात उभी राहून म्हणायची, "माझ्या पाठीला कधी इतकं तेल लावलं नाहीस." एलवुड हसायचा आणि तेल चोळत राहायचा. मला तेव्हा फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आता माझं काम समजून घ्या. माझ्यात काडतूस जात नाही. तोंडातून बंदुकीची दारू ओतायची, मग कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी, आणि लांब गजाने ते सगळं बुडापर्यंत ठासायचं. बुडाशी एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. कानाबाहेरच्या छोट्या वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, टाकायची. चाप ओढला की घोड्यातली गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी रंजकीवर पडते, रंजकीची ज्वाळा कानातून आत शिरते आणि बार उडतो. सगळं ठीक असेल तर डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात.

सगळं ठीक नसेल तर काय होतं, त्याचीच ही गोष्ट आहे.

एलवुडच्या घरात दोन नियम होते. पहिला नियम गजाचा. मला हातात घेतलं की आधी गज माझ्या तोंडातून आत सोडायचा. मी रिकामी असले तर गज बुडाच्या पोलादावर आपटतो आणि छान खणखणीत वाजतो. एलवुड म्हणायचा, "हेटी गातेय." पोटात काही असलं तर आवाज बसका येतो, धप्प. दुसरा नियम फुसक्या बाराचा. रंजक जळली पण बार उडाला नाही, तर मला तसंच धरून ठेवायचं. चर्चमधलं एक गीत मनात अख्खं म्हणायचं, आणि मगच नळी खाली. कारण आत काय धुमसतंय हे बाहेरून दिसत नाही.

हे दोन्ही नियम त्याने मुलाला, लमारला, मार देऊन शिकवले होते. आणि तरीही मला लमारच्या हातात कधी दिलं नाही. लमार पन्नाशी ओलांडून गेला, डोक्यावरचे केस गेले, तरी शिकारीला तो आपली दुकानातली नवी बंदूक घेऊन जायचा. ती टोपीवर उडते. टोपी म्हणजे तांब्याची छोटी डबी, तिच्यातून कडक ज्वाळा निघते. त्या बंदुकीसाठी त्याने केव्हातरी बदलीच्या दारूचा एक डबा आणला होता.

ही बदलीची दारू काय चीज आहे, ते सांगते. खरी काळी दारू दुकानात मिळणं कठीण होत गेलं. ती पटकन पेटते, म्हणून दुकानदार तिला ठेवायला घाबरतात. मग कारखान्यांनी तिच्यासारखीच दिसणारी, तिच्याच मापाने घालायची दुसरी दारू काढली. टोपीच्या बंदुकीत ती बरी चालते. पण तिला पेटायला जास्त आच लागते, आणि माझी गारगोटीची ठिणगी म्हणजे तिला गुदगुल्या. शिवाय झाकण नीट लागलेलं नसलं तर ती हवेतली ओल पिते. तिची ढेकळं होतात. लमारचा डबा तळघरात, भाज्यांच्या बरण्यांमागे, गंजत पडला होता. एलवुडने तो एकदा पाहिला होता आणि म्हणाला होता, "ते पीठ माझ्या हेटीत गेलं तर बघ."

मित्रांनो, माणसं म्हातारी होतात तसं काही गोष्टी लपवायला शिकतात. एलवुडला ऐकू येईनासं झालं होतं. व्हर्नाने त्याच्यासाठी कानातलं यंत्र आणवलं, ते त्याने टेबलाच्या खणात टाकलं. म्हणाला, "त्यात फक्त तुझंच बोलणं मोठं होतं." सगळे हसले. सगळ्यांना वाटलं, थोडं कमी ऐकू येतं, इतकंच. खरी गोष्ट फक्त मला ठाऊक होती. गज माझ्या बुडाला टेकायच्या आधीच तो मान डोलवायचा आणि म्हणायचा, "गातेय." त्याला माझा आवाज येत नव्हता. तो नुसता सवयीने मान डोलवत होता. मला त्याचं फार वाईट वाटायचं, आणि भीतीही वाटायची.

आमच्याकडे गारगोटीच्या बंदुकीची शिकार नाताळानंतर सुरू होते. त्या वर्षी एलवुडच्या गुडघ्यांनी डोंगर चढायला नकार दिला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी तो मला खुंटीवरून काढून बराच वेळ घेऊन बसला. मग लमारला हाक मारून त्याने मला त्याच्या हातात दिलं.

"पडशील तर तू पड. ही पडता कामा नये," तो म्हणाला.

लमारने मला दोन्ही हातांनी घेतलं. पन्नाशीच्या माणसाचे डोळे भरून आलेले मी तेव्हा पाहिले. त्याला वडिलांच्या बंदुकीने हरीण आणून दाखवायचं होतं. पण एलवुडच्या शिंगड्यात, म्हणजे दारू ठेवायच्या पोकळ शिंगात, खरी काळी दारू थोडीच उरली होती, आणि ती दुसऱ्या दिवशीसाठी होती. नव्या वर्षाच्या सकाळी खोऱ्यातल्या बंदूकवाल्यांची आमची मंडळी घरोघर जाते, अंगणात उभं राहून जुन्या बोलीतला आशीर्वाद म्हणते आणि गोळी न घालता नुसत्या दारूचे बार काढते. आशीर्वाद म्हणायचा मान एलवुडचा, पहिला बारही त्याचा. ती दारू मागायची लमारची हिंमत झाली नाही. रंजकीपुरती चिमूट त्याने घेतली आणि बाकीसाठी तळघरात गेला. बरण्या सरकवल्या, डबा काढला, ढेकळं मुठीत चुरली आणि ती माझ्या घशात ओतली. वर गोळी ठासली.

हरीण समोर आलं. मोठा नर होता, अगदी आडवा उभा. चाप ओढला, रंजक भस्सकन जळली, आणि पुढे काहीच नाही. हरीण निघून गेलं. लमारने गीत म्हटलं, कान टोचला, पुन्हा रंजक टाकली. पुन्हा तेच. ओढ्याच्या काठावर जाऊन त्याने मातीत बार काढून मला रिकामं करायचा किती प्रयत्न केला! माझ्या पोटात ओला लगदा बसला होता, त्याला ठिणगीने काय होणार?

अशी गोळी उपसून काढता येते. त्यासाठी गजाच्या टोकाला लावायचा एक स्क्रू असतो. तो एलवुडच्या पेटीत होता, आणि पेटी एलवुडच्या खुर्चीखाली. स्क्रू मागितला की प्रश्न येणार, का हवाय? आत काय घातलंस? आयुष्यात पहिल्यांदा हेटी हातात दिली आणि तू तिला ते पीठ खायला घातलंस?

लमार घरी आला. एलवुडने विचारलं, "दिसलं का काही?"

"नाही, पॅप."

"उडवलीस?"

"नाही." पहिलं उत्तर खोटं होतं, पण हे दुसरं शब्दाला शब्द खरंच होतं. त्याने मला पुसलं, वाटीतली रंजक झाडली आणि खुंटीवर ठेवलं. सकाळी पॅप अंघोळीला गेले की स्क्रू घेऊ, असं त्याने मनाशी ठरवलं असावं. माझी खुंटी चुलीच्या वर आहे. लोखंडी चूल, रात्रभर लाकडं जळतात तिच्यात. माझी नळी हळूहळू तापत गेली आणि मला कळलं की माझ्या पोटातला लगदा वाळतो आहे. मला ओरडता आलं असतं तर सगळं खोरं जागं केलं असतं. पण माझ्या नशिबी एकच आवाज आहे, आणि तो निघाला की कुणाचं तरी काहीतरी जातं.

सकाळी एलवुड सगळ्यांच्या आधी उठला, दाढी करून, धुतलेला शर्ट घालून तयार. व्हर्ना डुकराचं मांस आणि आंबवलेली कोबी शिजत लावत होती. नव्या वर्षाच्या दिवशी आमच्याकडे दुसरं काही शिजत नाही. लमार जिन्यावरून उतरला तेव्हा मी एलवुडच्या हातात होते. त्याने गज माझ्या तोंडातून सोडला.

धप्प.

मित्रांनो, इतका बसका आवाज मी माझ्या आयुष्यात काढला नव्हता. लमार जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तसाच उभा राहिला. आता पकडलो, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्याने मान खाली घातली आणि ओरडा खायची तयारी केली.

"गातेय," एलवुड म्हणाला आणि कोट घालायला लागला.

लमारने चमकून वर पाहिलं. त्याला काही समजेना. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला आणि शेजारचा होमर दारातून ओरडला, "एलवुड! चल की म्हाताऱ्या, नवं वर्ष जुनं होईल!"

गाडीत लमार वडिलांच्या शेजारी बसला. मी एलवुडच्या दोन गुडघ्यांमध्ये, तोंड छताकडे. लमारचा पाय सारखा हलत होता. "पॅप, आज हेटीला मी धरू का?"

"काय?"

"म्हटलं, बार मी काढू का?"

"मेलो नाहीये अजून मी," एलवुड म्हणाला आणि मागे बसलेली मंडळी खो खो हसली. त्या सगळ्यांसमोर लमार काय बोलणार? तो खिडकीबाहेर बघत बसला. काल इतक्या वेळा पेटली नाही ती दारू आज कशाला पेटेल, असं तो स्वतःला समजावत असणार. फुसका बार जाईल, पॅप हेटीच्या कानाला दोष देतील, मग मी म्हणेन आणा इकडे, मी बघतो. पण चुलीचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पहिलं घर आयडा क्लिंगरचं. आयडा एलवुडपेक्षा मोठी, एकटी राहणारी, आणि नव्या वर्षाचा पहिला बार आपल्या अंगणात झाला नाही तर वर्षभर अबोला धरणारी. ती पडवीत खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर तळलेल्या गोड वड्यांची परात. चुलीवरचं शिजत ठेवून व्हर्ना आमच्या आधीच चालत आली होती आणि आयडाच्या शेजारी उभी होती. एलवुडने शिंगड्यातली खरी दारू मापून माझ्या तोंडात ओतली. खाली जुनी दारू, तिच्यावर गोळी, गोळीवर नवी दारू, तिच्यावर कागदाचा बोळा. मी जड झाले होते, पण एलवुडच्या हाताला ते कळलं नाही. बोटंही म्हातारी झाली होती त्याची.

"पॅप, थांबा जरा," लमार मागून म्हणाला.

एलवुड थांबला नाही. लमारला वाटलं, आपल्याला झिडकारलं. एलवुडने टोपी काढली आणि आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली. घराला, गोठ्याला, विहिरीला, घरच्या माणसांना. त्याचा आवाज अजून भरदार होता. शेवटी रीतीप्रमाणे त्याने विचारलं, "बार ऐकायला आवडेल ना, आयडा?"

"त्याच्यासाठीच तर थंडीत बसलेय मी," आयडा म्हणाली. "काढ."

एलवुडने मला आकाशाकडे धरलं. घोडा पडला, रंजक भस्सकन जळली, माझ्या कानातून ज्वाळा आत शिरली. आणि बार उडाला नाही.

"फुसका!" होमर ओरडला. "एलवुड, तुझ्यासारखीच झाली रे ती!"

सगळे हसले. आयडासुद्धा हसली. एलवुडच्या मानेवर रक्त चढलेलं मला दिसलं. पंचवीस-तीस माणसांसमोर, आपला मान, आपली हेटी, आणि फुसका बार. ज्या माणसाने मुलाला मार देऊन गीत म्हणायला शिकवलं, तो त्या सकाळी स्वतः गीत विसरला. कान टोचायला म्हणून त्याने मला खाली घेतलं. माझी नळी आकाशावरून उतरली, छपरावरून, पडवीच्या खांबावरून, आणि व्हर्नाच्या मफलरकडे सरकायला लागली.

आणि माझ्या पोटात, मित्रांनो, एक कोपरा पेटलेला होता. कालचा लगदा आज अर्धा वाळला होता आणि वातीसारखा धुमसत सरकत होता. मी ते अडवू शकत नव्हते. ज्या बाईने माझ्या दस्त्यावरची धूळ इतकी वर्षं पुसली, तिच्याकडे माझं तोंड वळत होतं. माझा मलाच तिटकारा आला.

कानातून धुराची बारीक रेघ आली. ती लमारने पाहिली.

"भरलेली आहे!" तो किंचाळला. "गोळी आहे आत!" तो माणसांना ढकलत आला, दोन्ही हातांनी त्याने माझी नळी पकडली आणि सगळं बळ लावून वर लोटली. एलवुड काहीच न कळून मला ओढत होता, "सोड, सोड तिला!" आणि तेवढ्यात मी उडाले.

तो माझा आवाज नव्हता. माझ्या आत एकाऐवजी दोन बार झाले. गोळी पडवीच्या पत्र्यातून आरपार गेली. माझी नळी मधोमध फुगली, पुढचं लाकूड चिरफाळ्या होऊन लमारच्या डाव्या हातात घुसलं. आयडाची परात उलटली. मग बराच वेळ नुसता धूर, आणि कुणाचं तरी कुत्रं लांब पळत भुंकत होतं.

व्हर्ना पहिल्यांदा हलली. तिने आपला मफलर काढून लमारच्या हाताला गुंडाळला. एलवुड मला धरून तसाच उभा होता, गालावर काळे ठिपके उमटलेले.

"ती रिकामी होती," तो म्हणाला. "गज वाजला होता."

"काल मी भरली होती, पॅप," लमार म्हणाला.

"काय?"

"काल भरली होती. त्या डब्यातली दारू घातली."

"मोठ्याने बोल!"

"डब्यातली दारू!" लमार ओरडून सांगायला लागला, आणि रडतही होता. "तळघरातली! तुम्ही नको म्हणाला होतात ती! उडाली नाही! सांगायची लाज वाटली मला!"

सगळं अंगण ऐकत होतं. होमरने टोपी काढून हातात घेतली. जे चुलीशेजारी हळू आवाजात सांगून संपलं असतं, ते आता सगळ्या खोऱ्यासमोर ओरडून सांगावं लागत होतं. एलवुडला ते सगळं ऐकू आलं. तो मुलाला काही बोलेल म्हणून मी वाट पाहत होते. त्याने वेगळंच विचारलं.

"सकाळी मी गज टाकला. वाजला नाही का?"

"नाही. धप्प झालं."

एलवुड आयडाच्या पायरीवर बसला. त्याने मला आडवं मांडीवर घेतलं आणि फुगलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "मला गज ऐकूच येत नाही," तो म्हणाला. "दोन हिवाळे झाले. मी नुसतं म्हणतो गातेय म्हणून."

"मग मला सांगायचं नाहीस?" व्हर्ना म्हणाली.

"तू माझ्याकडून ती काढून घेतली असतीस."

"हो, घेतली असती," व्हर्ना म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.

लमारची दोन बोटं आता वाकत नाहीत. आयडाने पत्र्याचं भोक बुजवू दिलं नाही. पावसात तिथे बादली ठेवते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवते. डब्यातली उरलेली दारू लमारने मोकळ्या जमिनीवर दूर पसरली आणि सगळ्यांसमोर जाळून टाकली. बराच वेळ ती कुरकुरत जळली.

मी आता कधीच उडणार नाही. एलवुडने माझा घोडा काढला, पोट धुतलं आणि मला मंडळीच्या सभागृहाच्या भिंतीवर टांगलं. सुरुवातीला मला तो फार मोठा अपमान वाटला. भिंतीवर टांगलेल्या बंदुका म्हणजे मेलेल्या बंदुका, असं मी समजत होते. पण दर नव्या वर्षाच्या सकाळी, निघण्यापूर्वी, मंडळी माझ्यासमोर रांगेत उभी राहते. प्रत्येक जण आपल्या बंदुकीत गज सोडतो, आणि ऐकतो मात्र शेजारचा. स्वतःच्या बंदुकीचं स्वतः सांगायचं नाही, ही आमच्याकडची नवी रीत. शेजारच्याने "गातेय" म्हटल्याशिवाय कुणी दाराबाहेर पडत नाही.

सगळ्यांत शेवटी मला खाली घेतात. लमार आपल्या आखडलेल्या हाताने गज माझ्या तोंडातून सोडतो. माझी नळी फुगलेली आहे, तरी बुडाचं पोलाद शाबूत आहे. एलवुड खुर्चीत बसलेला असतो, आता पार बहिरा, आणि माझ्या नळीभोवती त्याने दोन्ही तळवे धरलेले असतात. गज आपटतो. एलवुड आता आधी मान डोलवत नाही. थरथर तळव्यात पोचेपर्यंत वाट बघतो, आणि मग म्हणतो, "गातेय."

मित्रांनो, तुमच्या घरात बंदूक नसेल, आणि नसावीच. पण कुणी विचारलं, आत काही राहिलंय का, तर त्याला शब्दाला शब्द खरं उत्तर देऊन सटकू नका. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याने नुसती मान डोलवू नये. मला एकच आवाज होता, तो गेला. तुम्हाला बोलता येतं. चूल तापायच्या आत सांगून टाकत जा.